केसांवर काय उरतं?

पुण्यात केस राठ झाल्याची तक्रार केली, की समोरून पहिला प्रश्न येतो: "तुमच्याकडे पाणी कुठलं आहे?" पेठेतून किंवा कोथरूडहून वाघोलीला, उंड्रीला, बाणेरच्या नव्या सोसायटीत राहायला गेलेल्या बाईला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. खडकवासला, पानशेत, वरसगाव या धरणांचं पाणी सह्याद्रीत पडलेल्या पावसाचं, म्हणून मऊ. बोअरचं आणि बहुतेक टँकरचं पाणी काळ्या कातळाच्या भेगांतून झिरपत येतं आणि वाटेत कॅल्शियम, मॅग्नेशियम सोबत घेतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरमागे २०० मिलिग्रॅम कठीणपणा इष्ट धरला आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतला आहे. म्हणजे एकाच शहरात दोन घरांचं पाणी पिण्यालायक असूनही त्यांच्या कठीणपणात तिपटीचं अंतर असू शकतं. प्यायला दोन्ही चालतं. न्हायला बसलं की फरक बोटांना कळतो.

मग शोध सुरू होतो तो स्वयंपाकघरात. दही, अंडं, केळं, मेथी, जवस, कांदा, भेंडी, तांदळाचं धुवण, कोरफड. यातलं काही आजीपणजीपासून चालत आलेलं, काही गेल्या दहा वर्षांत फोनवरून आलेलं, आणि दोन्ही आता इतकं मिसळून गेलं आहे की कुठलं कुणाचं हे सांगणं अवघड. या सगळ्या उपायांकडे एकदा नीट पाहायला हवं असं मला फार दिवस वाटत होतं. कारण त्यांच्याबद्दल बोलणारे दोनच प्रकारचे लोक भेटतात: एक सगळंच अमृत मानणारे आणि दुसरे सगळंच थोतांड म्हणणारे. या उपायांत काही खरोखर उत्तम आहेत, आणि ते का उत्तम आहेत हे समजलं तर बाकीच्यांवर वेळ आणि अन्न वाया जात नाही.

डोक्याबाहेर आलेला केस निर्जीव असतो. त्याला अन्न मिळत नाही, तो स्वतःला दुरुस्तही करू शकत नाही. महिन्याला साधारण एक सेंटिमीटर या वेगाने तो वाढतो, म्हणजे कमरेपर्यंत पोचलेल्या वेणीचं टोक पाच-सहा वर्षांचं असतं. पाच-सहा वर्षांचं ऊन, फणी, उशी, हेल्मेट आणि दुचाकीवर तोंडाभोवती करकचून बांधलेल्या स्कार्फचं घर्षण त्याने सोसलेलं असतं. केसाचा गाभा केराटिन या प्रथिनाचा आणि त्यावर कौलांसारखे एकमेकांवर चढलेले अतिशय पातळ खवले. नव्या केसाच्या खवल्यांवर एका खास स्निग्ध पदार्थाचा थर असतो, त्यामुळे केस एकमेकांवरून घसरतात. रंग, ब्लीच, कडक साबण, घासणं यांनी हा थर जातो, खवले उचकटतात, केसाच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार वाढतो आणि केस एकमेकांत अडकू लागतात. गुंता, पिंजारलेपण, निस्तेजपणा आणि टोकांना फुटणारे फाटे यांचं मूळ तिथे आहे.

बाजारातलं कंडिशनर काय करतं? त्यात धन विद्युतभार असलेले रेणू असतात. ते ऋण भाराच्या जागी, म्हणजे नेमके जिथे केस जास्त खराब झाला आहे तिथे, चिकटतात आणि पाणी ओतल्यावरही उरतात. जोडीला सिलिकोन किंवा मेणासारखे मेदयुक्त पदार्थ असतात. बस, एवढंच. केस "बरा" होत नाही, त्याच्यावर नवा निसरडा थर चढतो. तेव्हा स्वयंपाकघरातल्या कुठल्याही पदार्थाला विचारायचा प्रश्न एकच: शेवटचा तांब्या ओतल्यावर तुझ्यातलं केसांवर काय उरणार?

या प्रश्नाला सगळ्यात भक्कम उत्तर देतं ते खोबरेल. २००१ साली मुंबईच्या मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या प्रिन्स्टनच्या टीआरआय या तंतुसंशोधन संस्थेबरोबर केलेल्या कामात खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि खनिज तेल शिरत नाही, असं दिसलं. २००३ साली मॅरिकोच्याच रेळे आणि मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली. केस धुताना, विंचरताना त्यातलं प्रथिन किती झिजतं हे त्यांनी मोजलं. धडधाकट केस असोत की ब्लीच केलेले, झीज ठळकपणे कमी केली ती फक्त खोबरेलाने. त्याचं कारण त्यातल्या लॉरिक आम्लाच्या रेणूची बांधणी: आखूड, सरळ साखळी, केसात घुसायला सोपी. आता, पॅराशूट विकणाऱ्या कंपनीने खोबरेलाचं कौतुक केलं तर भुवई उंचावणं रास्तच. पण प्रयोगाची रीत उघड आहे, कारण रसायनशास्त्राला पटणारं आहे, आणि हा निष्कर्ष आजवर केसांच्या संशोधनात आधार म्हणून वापरला जातो. मला तो मान्य आहे.

त्यातून हाती येणारी गोष्ट मात्र नेहमीच्या सवयीपेक्षा वेगळी आहे. पाण्यात भिजला की केस फुगतो, वाळला की आकसतो, आणि या ये-जा करण्यात झिजतो. तेल आधी आत शिरलेलं असेल तर पाणी कमी शिरतं. म्हणून खोबरेल न्हाण्याच्या आधी लावायचं, काही तास आधी, आणि लांबीला, टोकांना लावायचं. आपल्याकडचा अभ्यंगाचा क्रम, आधी तेल आणि मग न्हाणं, नरक चतुर्दशीच्या पहाटे ज्या क्रमाने आपण सगळे करतो तो, केसांच्या दृष्टीने अगदी बरोबर आहे. डोक्यावर तेल थापून ते मुळांत "जिरवणं" हा वेगळा विषय. मालिशीने बरं वाटतं, झोप लागते. चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात डोक्याला रोज तेल लावण्याचे फायदे सांगितले आहेत, त्यात चांगली झोपही आहे. पण ज्यांना कोंडा आहे त्यांनी थांबावं. कोंड्यामागे असलेली मॅलॅसेझिया नावाची बुरशी त्वचेवरच्या स्निग्ध पदार्थांवर जगते. रात्रभर तेल थापून ठेवणं म्हणजे तिला जेवू घालणं, आणि कोंडा तेलाने "मऊ पडतो" एवढ्यावरून तो बरा होतो असं मानणं चूक. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात तेल बाटलीत थिजतं, कारण खोबरेल २४ अंशांच्या आसपासच गोठू लागतं. ती बाटली खिडकीतल्या उन्हात ठेवली तरी पुरतं, कढवायची गरज नाही.

कढवायचं ते औषधी तेल. माका, जास्वंद, ब्राह्मी, आवळा घातलेलं तेल घरी करणाऱ्या बायका पुण्यात अजून पुष्कळ आहेत. रविवार पेठेत आणि मंडईच्या आसपास काष्ठौषधींच्या दुकानांत वाळलेला माका, नागरमोथा, कपूरकाचरी, गव्हला कचोरा, जटामांसी, वाळा हे सगळं सुटं मिळतं. घरोघरी बहुतेक वेळा पानं सरळ तेलात टाकून तळली जातात, आणि तिथे गडबड होते. आयुर्वेदात तेल सिद्ध करण्याचं सर्वसाधारण प्रमाण ठरलेलं आहे: कल्क एक भाग, तेल चार भाग, रस किंवा काढा सोळा भाग. म्हणजे २५ ग्रॅम वाटलेला पाला, १०० ग्रॅम तेल आणि ४०० मिलिलिटर माक्याचा रस किंवा काढा. मंद आचेवर पाणी पूर्ण आटेपर्यंत. पाणी आहे तोवर तेलाचं तापमान उकळत्या पाण्याच्या फार वर जात नाही, म्हणून वनस्पती जळत नाही, हे या प्रमाणातलं शहाणपण. कल्काची बोटांत वळून वात झाली, विस्तवावर टाकल्यावर ती तडतडली नाही आणि तेलावर फेस आला, की तेल झालं. तूप असेल तर उलटं, फेस बसतो. टिळक आयुर्वेद महाविद्यालयात १९३३ सालापासून शिकवलं जात आलेलं हे शास्त्र घरच्या कढईतही जसंच्या तसं लागू पडतं. पाण्याचा अंश राहिलेलं तेल खवट होतं, हे मात्र लक्षात ठेवावं. आणि अशा तेलाने कंडिशनिंग होतं ते मुख्यतः त्यातल्या खोबरेलामुळे. माक्याने केस उगवतात हा दावा माणसांवरच्या पक्क्या पुराव्यापर्यंत पोचलेला नाही.

धुण्याकडे येऊ. वाड्यात रविवारी बंब पेटायचा. शिकेकाई, रिठे, आवळकाठी रात्री भिजत घातलेली असायची, सकाळी उकळून गाळायची, न्हाणीघरात पाटावर बसून डोक्यावरून न्हाणं व्हायचं आणि मग केस पाठीवर सोडून गच्चीत किंवा चौकात उन्हाला बसणं. या सगळ्याची आठवण काढून "आजीचे केस बघा" असं म्हटलं जातं आणि श्रेय सगळं शिकेकाईला दिलं जातं. ते अर्धंच खरं आहे. आजी आठवड्यातून एकदा न्हायची. तिच्या केसांना ड्रायर, सरळ करणारी तापती पट्टी, ब्लीच यांचा स्पर्श नव्हता. केस दिवसभर वेणीत किंवा अंबाड्यात बांधलेले असायचे, म्हणजे घर्षण कमी. एवढं सांभाळलं तर शांपूनेही केस चांगले राहतात. शिकेकाईचा स्वतःचा गुण वेगळा: तिच्या आणि रिठ्याच्या फेसाळ सॅपोनिनांचं पाणी सौम्य आम्लधर्मी असतं, आणि साबणासारखा त्यांचा जड पाण्यात साका होत नाही. बोअरच्या पाण्याला शिकेकाई साबणापेक्षा कितीतरी बरी ती या कारणाने. पण ती धुणारी वस्तू आहे, कंडिशनर नव्हे. नुसत्या रिठ्याने धुतलेले केस कोरडे वाटतात ही तक्रार खरी आहे. म्हणून जुन्या कृतींत रिठा थोडा आणि सोबत मेथी किंवा जास्वंदीची पानं असायची. कुणीतरी, कुठल्यातरी न्हाणीघरात, हे पारखून ठेवलं होतं.

ही जोडलेली मेथी आणि जास्वंद म्हणजे स्वयंपाकघरातला सगळ्यात समृद्ध कप्पा. बुळबुळीत पदार्थांचा. मेथी, जवस, भेंडी, सब्जा, उडीद, जास्वंदीची पानं, कोरफड. यांचा बुळबुळीतपणा लांबलचक साखळ्यांच्या शर्करांमुळे येतो. त्या पाणी धरून ठेवतात आणि ओल्या केसांवर निसरडा थर देतात. मेथीतली मुख्य शर्करा गॅलॅक्टोमॅनन. घरातल्या शांपूच्या किंवा कंडिशनरच्या बाटलीमागचा बारीक मजकूर वाचून पाहा. पुष्कळ बाटल्यांवर "ग्वार हायड्रॉक्सिप्रोपिलट्रायमोनियम क्लोराइड" असं एक लांबलचक नाव सापडतं. हा ग्वार म्हणजे आपली गवार. गवारीच्या बियांतला डिंकसुद्धा गॅलॅक्टोमॅननच, मेथीचा सख्खा चुलतभाऊ. कारखान्यात त्याला धन विद्युतभार जोडतात, म्हणून तो केसांना धरून राहतो. म्हणजे मेथी केसांना लावणाऱ्या बायका आणि कंडिशनर बनवणारे रसायनतज्ज्ञ एकाच रेणूच्या कुटुंबापर्यंत पोचले. फरक राहिला तो चिकटण्याचा. घरच्या मेथीला तो भार नसतो, त्यामुळे भरपूर पाण्याने धुतलं की ती बहुतेक वाहून जाते.

यावरूनच वापराची रीत ठरते, आणि बहुतेक जणी तिथेच चुकतात. मेथी वाटून लगदा डोक्याला थापायचा, तासभर टोपी घालून बसायचं आणि मग अर्धा तास केसांतून कण काढत बसायचं, यातून कंडिशनिंग कमी आणि केस तुटणं जास्त होतं. दोन चमचे मेथीदाणे दीड कप पाण्यात रात्रभर भिजवावे, सकाळी त्याच पाण्यात दहा मिनिटं उकळावे आणि गाळून फक्त पाणी घ्यावं. शांपू धुऊन झाल्यावर ओल्या केसांना, कानांच्या खालच्या लांबीला ते लावावं, आणि त्या निसरडेपणातच रुंद दातांच्या कंगव्याने गुंता सोडवावा. मग एकच तांब्या पाणी. अगदी खळखळून धुवायचं नाही, कारण थोडं उरावं अशीच तर इच्छा आहे. वाटलेल्या मेथीचा वास दोन दिवस जात नाही; गाळलेल्या पाण्याचा तेवढा राहत नाही.

जवस याहून चांगलं काम करतं, विशेषतः कुरळ्या केसांवर. दोन मोठे चमचे जवस दोन कप पाण्यात उकळायचे, ढवळत राहायचं. आठ-दहा मिनिटांत चमच्यावरून अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार लोंबू लागली की लगेच, गरम असतानाच, विरळ सुती कापडातून गाळायचं. थंड झालं की ते जेल बियांना असं धरतं की काही केल्या सुटत नाही. हे जेल धुवायचंच नाही. ओल्या केसांना थोडं लावून केस मुठीत चुरगाळून सोडायचे आणि वाळू द्यायचे. वाळताना त्याचा पातळ पापुद्रा बनतो, बट धरून राहते, पिंजारलेपण कमी होतं. चटणीसाठी आणलेल्या जवसातून हे होतं याचा मला मनापासून आनंद वाटतो. त्यामागे आणखी एक गोष्ट आहे. मराठी घरांत कुरळ्या केसांच्या मुलींना वर्षानुवर्षं "कसा अवतार झालाय" असं ऐकावं लागलं. कोरड्या कुरळ्या केसांत बारीक फणी घालून, तेल चोपडून, घट्ट दोन वेण्या घालून शाळेत पाठवलं गेलं. कुरळ्या केसांवर डोक्यातलं नैसर्गिक तेल वळणांमुळे खालपर्यंत उतरत नाही, म्हणून ते कोरडे पडतात. त्यांना दडपण्याची नाही, ओलाव्याची गरज असते. अमेरिकेत लॉरेन मॅसी यांचं कुरळ्या केसांवरचं पुस्तक २००१ साली आलं आणि तिथून सुरू झालेली पद्धत पुण्यातल्या कॉलेजच्या मुलींपर्यंत पोचली. त्यांच्या आयांनी कधी न पाहिलेल्या बटा आता मोकळ्या सुटल्या आहेत. आणि त्या धरून ठेवायला फार महागडं काही लागत नाही.

भेंडीचंही असंच: आठ-दहा जून भेंड्या, भाजीला नको झालेल्या, चिरून उकळायच्या आणि गाळायच्या. जास्वंदीची कोवळी पानं पाण्यात चुरगळली की क्षणात हिरवा बुळबुळीत लगदा होतो. केरळात अशाच पानांच्या पाण्याने केस धुण्याची जुनी रीत आहे. फक्त पानं आपल्या किंवा शेजारच्या अंगणातली असावीत, फवारणी केलेली नकोत. कोरफडीचं पान कापल्यावर ते काही वेळ उभं ठेवून पिवळा चीक निथळू द्यावा. तो चीक कित्येकांच्या त्वचेला खाज आणतो आणि दोष मात्र कोरफडीच्या गराला लागतो.

तांदळाच्या धुवणाची सध्या फार चलती आहे. चीनमधल्या हुआंगलुओ गावातल्या याओ बायकांचे पायघोळ केस सगळ्यांनी पाहिले आहेत. त्या केस आंबवलेल्या तांदळाच्या पाण्याने धुतात हे खरं. त्या परंपरेने आयुष्यात एकदाच, वयात येताना, केस कापतात हेही खरं, पण ते कुणी सांगत नाही. जपानच्या हेइआन काळातल्या दरबारी स्त्रियाही तांदळाचं पाणी वापरत, आणि २०१० साली जपानी संशोधकांनी या पाण्याने केसांचं पृष्ठभागावरचं घर्षण कमी होतं असं नोंदवलं. ते पटण्यासारखं आहे: स्टार्चचा पातळ थर उरतो. कांजी केलेल्या सुती साडीचा कडकपणा ज्यांना माहीत आहे त्यांना धोकाही कळेल. हे पाणी घट्ट झालं किंवा आठवड्यात तीनदा लावलं, की केस काडीसारखे होतात आणि पांढरी भुकटी झडते, ती कोंडा समजली जाते.

आता आंबट पदार्थ. लिंबू, दही, ताक, व्हिनेगर. आम्लात खवले मिटतात, अल्कलीत उघडतात, आणि साबण अल्कली असतो. साबणाने केस धुण्याच्या काळात शेवटी लिंबाचं पाणी ओतण्याची पद्धत पडली ती अतिशय योग्य होती. जड पाण्यात साबणाचा जो पांढरट साका केसांवर बसतो तो आम्लात सुटतो. आजच्या शांपूंची गोष्ट थोडी वेगळी. ब्राझीलमधल्या २०१४ च्या एका पाहणीत १२३ शांपू तपासले तेव्हा त्यांचा सामू ३.५ पासून ९ पर्यंत निघाला, आणि साडेपाच किंवा त्याखाली असलेले फक्त ३८ टक्के होते. म्हणजे बऱ्याच शांपूंनंतर सौम्य आम्लाचा शेवटचा तांब्या उपयोगी पडतोच. प्रमाण सौम्यच हवं: लिटरभर पाण्यात अर्धं लिंबू गाळून, किंवा एक मोठा चमचा व्हिनेगर. लिंबाचा रस थेट डोक्याला चोळून उन्हात बसू नये, त्वचा पोळते. मला स्वतःला ताकावरची निवळ सगळ्यांत आवडते. ताक रात्रभर ठेवलं की वर जे पिवळसर पाणी येतं ते, तिप्पट पाण्यात मिसळून. घट्ट दही थापण्यातून जे मिळतं ते बहुतेक याच आम्लातून मिळतं. दह्याच्या कवड्या केसांतून काढण्याचे कष्ट वाचतात आणि दही जेवणात जातं. खायचा सोडा मात्र केसांच्या जवळही आणू नये. तो बरोबर उलट दिशेचा आहे.

टँकरच्या पाण्याचा प्रश्न यातून पुरता सुटत नाही. जड पाण्याने केस कमकुवत होतात का, यावरचे अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत. एकात केसांच्या ताकदीत फरक आढळला नाही, दुसऱ्यात आढळला. स्पर्श राठ होतो याबद्दल दुमत नाही. टक्कल पडतं याला आधार नाही. शेवटच्या धुण्यासाठी एक बादली पाणी आदल्या रात्री उकळून ठेवलं तर कठीणपणाचा एक भाग पांढऱ्या साक्याच्या रूपाने तळाशी बसतो. वरचं पाणी ओतून घ्यायचं. पावसाळ्यात गच्चीवरचं पाणी मिळत असेल तर त्याच्यासारखं दुसरं नाही.

अंडं, केळं, मध, मेयोनेज यांना फार जागा देण्याची गरज नाही. अंड्याच्या पांढऱ्यातली प्रथिनं केसात शिरायला फारच मोठी असतात. बाटलीतली "प्रोटीन" उत्पादनं ज्यावर चालतात ती प्रथिनं आधी बारीक तोडलेली असतात. पिवळ्या बलकातलं लेसिथिन थोडा मऊपणा देतं, पण गरम पाण्याने धुतलं की अंडं केसांतच शिजतं. केळ्याचा लगदा कितीही वाटला तरी तंतू उरतात आणि गुणकारी असं फारसं काही उरत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. अशा राज्यात अंडं बाईच्या ताटात पडावं, तिच्या डोक्यावर नव्हे, हे मी ठामपणे म्हणेन.

याच ठिकाणी केस वाढवण्याच्या दाव्यांचा निकाल लावावा लागतो. कांद्याच्या रसाची एवढी ख्याती झाली ती मुख्यतः बगदादच्या डॉक्टरांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या अभ्यासामुळे. त्यात ३८ रुग्ण होते, त्यातल्या २३ जणांना कांद्याचा रस दिला, बाकीच्यांना नळाचं पाणी, आणि सहा आठवड्यांत रसाच्या गटातल्या बहुतेकांचे केस उगवले. पण ते सगळे चाई पडलेले रुग्ण होते. चाई हा रोगप्रतिकार यंत्रणेचा आजार, त्यात केस आपोआपही परत येतात. नेहमीच्या केसगळतीला तो निष्कर्ष लावता येत नाही. चाकणच्या बाजारात कांदा कितीही स्वस्त असो, तो डोक्याला चोळून कुणाचं बाळंतपणानंतरचं केस गळणं थांबत नाही. ते गळणं, तसंच मोठ्या तापानंतरचं, दोन-तीन महिन्यांनी सुरू होतं आणि बहुधा आपोआप ओसरतं. त्या काळात जो उपाय चालू असेल त्याला यश मिळतं. रोज पन्नास ते शंभर केस जाणं हे स्वाभाविक आहे. त्याहून फार जास्त, किंवा भांग रुंदावत चालला असेल, नाणं ठेवावं असे गोल चट्टे पडले असतील, तर हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइड तपासून घ्यावं आणि त्वचारोगतज्ज्ञाकडे जावं. यात मेथीचा अपमान नाही. केसाची लांबी आणि केसाचं मूळ या दोन निरनिराळ्या जागा आहेत, आणि स्वयंपाकघर पहिल्या जागेपर्यंतच पोचतं.

मेंदीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. पानांची खरी मेंदी केराटिनला घट्ट धरते आणि केसाला थोडा जाडपणा देते, म्हणजे आपल्या कसोटीवर ती पूर्ण उतरते. लोखंडी कढईत, आवळ्याच्या किंवा चहाच्या पाण्यात भिजवली की टॅनिन आणि लोह मिळून गडद छटा येते. ही आजीची युक्ती रसायनशास्त्राने बिनचूक आहे. ती वारंवार लावली की केस कोरडे लागतात, म्हणून आदल्या दिवशी तेल. पण "काळी मेंदी" नावाने पुडीत जे विकलं जातं त्यात बहुधा पॅरा-फेनिलीनडायअमीन असतं. त्याने कपाळ, पापण्या, चेहरा सुजून इस्पितळात जावं लागलेली माणसं आहेत. नैसर्गिक समजून ते लहान मुलांच्या हातालाही लावलं जातं. खऱ्या मेंदीचा रंग कधीही काळा येत नाही, तांबडाच येतो. पार्लरमधल्या केस सरळ करणाऱ्या उपचारांनाही हीच सावधगिरी हवी. त्यातल्या ग्लायऑक्सिलिक आम्लामुळे मूत्रपिंडाला इजा झाल्याचं प्रकरण २०२४ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलं होतं. जवसाच्या जेलने केस तेवढे सरळ होणार नाहीत, पण मूत्रपिंडं शाबूत राहतील.

घरच्या मालाला एक मर्यादा आहे, ती म्हणजे त्याचं आयुष्य. बाटलीत परिरक्षक असतात, आपल्या वाटीत नसतात. मेथीचं पाणी, भेंडीचं पाणी, कोरफडीचा गर हे ज्या दिवशी केलं त्याच दिवशी वापरावं. फ्रिजमध्ये फार तर दोन-तीन दिवस. जवसाचं जेल आठवडाभर टिकतं, पण वास बदलला किंवा ते पाण्यासारखं पातळ झालं की ओतून द्यावं. जास्त केलं असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवावं आणि न्हाण्याच्या आधी दोन-तीन वड्या बाहेर काढाव्या. कुठलाही नवा पदार्थ आधी कानामागे लावून एक दिवस थांबावं, आणि डोक्यावर जखम, खरूज किंवा फोड असतील तर मुळीच लावू नये. आणि हे सगळं करायला पुऱ्या सकाळी घालवण्याची गरज नाही: आदल्या रात्री टोकांना दोन चमचे खोबरेल, सकाळी सौम्य शांपू किंवा शिकेकाई, मग मेथीचं पाणी लावून त्यातच गुंता सोडवणं, बोअरचं पाणी असेल तर शेवटी निवळीचा एक तांब्या, आणि टॉवेलने खसाखसा न पुसता जुन्या मऊ सुती कापडात केस टिपून घेणं.